स्टुडबेकरच्या गावी

अमेरिकेला जाऊन आलेल्या माणसाने ‘नायगारा पाहिला नाही’ असे सांगितले, की पंढरपूरला जाऊन विठोबा न पाहता परतलेल्या वारकऱ्याकडे पाहावे तसे लोक त्याच्याकडे पाहतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शिकागोला धाकट्या बहिणीकडे दीड महिना राहून आले, आणि नायगारा पाहिला नाही. पाहिले ते इंडियाना राज्यातले साउथ बेंड नावाचे एक मध्यम आकाराचे शहर.

“तिथं काय आहे?” आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी एका सुरात विचारले.

“मोटारींचा एक कारखाना होता. १९६३ साली बंद पडला,” मी सांगितले.

बंद पडलेले कारखाने पाहायला एवढे तिकीट काढून जायची काय गरज, ते आपल्याकडे थोडे का आहेत, असे इतिहासाच्या प्राध्यापकांचे म्हणणे पडले. ते काही खोटे नाही. पण त्या गावाशी माझा एक जुना हिशेब राहिला होता. तो कसला, हे कळायला आधी आमच्या आप्पांची गोष्ट सांगायला हवी.

आप्पा म्हणजे माझे आजोबा. कोल्हापुरात एका वकीलसाहेबांकडे ते ड्रायव्हर होते. वकीलसाहेबांनी १९५३ साली मुंबईहून एक वापरलेली अमेरिकन मोटार विकत आणली. १९५० सालची, चार दारांची स्टुडबेकर चॅम्पियन. इतर मोटारींना तोंडाशी जाळी असते. हिला मध्यभागी बंदुकीच्या गोळीसारखे टोकदार नाक होते. विमानाचा पंखा काढून घ्यावा आणि मधला गोळा तेवढा शिल्लक ठेवावा, तसे! गल्लीतली मुले तिला ‘विमानगाडी’ म्हणत. आप्पा मात्र तिला मानाने ‘इस्टुबेकर’ म्हणत. आजीला त्यांनी जन्मात कधी नावाने हाक मारली नाही, पण या गाडीचे नाव दिवसातून दहा वेळा त्यांच्या तोंडी असे.

आमच्या लहानपणी गाडीही नव्हती आणि वकीलसाहेबही नव्हते. उरल्या होत्या त्या गोष्टी. तिची मागची दारे उलटी, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेली होती, त्यामुळे वकीलीणबाईंना नऊवारी सावरीत कसे सहज उतरता येई. तिचा गिअर खाली जमिनीत नसून स्टिअरिंगच्या दांड्याला कसा होता. सगळे आम्हांला पाठ होते. पण या सगळ्या गोष्टींची राणी म्हणजे आंबा घाटाची गोष्ट.

वकीलसाहेब सहकुटुंब रत्नागिरीहून परतत होते. साखरप्याच्या पुढे चढ लागला. एका वळणावर लाकडे भरलेली लॉरी आडवी बंद पडलेली. आप्पांनी गाडी ऐन चढावर थांबवली. मागे दरी.

“आणि पोरी,” आप्पा इथे आवाज खाली आणीत, “ब्रेकवरला पाय मी काढला. हँडब्रेकला हात लावला न्हाई. नुसता क्लच दाबून बसलो. आणि गाडी? जागची हलली न्हाई! खंडोबाच्या घोड्यागत हुबी!”

आम्ही पोरे टाळ्या पिटत असू. मोठी माणसे गालात हसत. घरात ‘आप्पांचा घाट’ हा थापेला प्रतिशब्दच झाला होता. कुणी फुगवून काही सांगू लागले, की आत्या म्हणे, “आला, आप्पांचा घाट आला!”

१९९१ सालची दिवाळी. फराळाला सगळे गोतावळ्यासकट जमले होते. आप्पांनी गोष्ट सुरू केली. माझ्या मामांचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज होते. अँबॅसडर आणि फियाट यांत त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, “आप्पा, क्लच दाबला की इंजिन सुटलं. ब्रेक नाही, इंजिन नाही, मग गाडीला धरलं कुणी? खंडोबानं?”

मी तेव्हा सहावीत होते. शाळेत नुकताच न्यूटन शिकवून झाला होता. मी चकली हातात धरून उभी राहिले आणि भर बैठकीत म्हणाले, “आप्पा, गुरुत्वाकर्षण असतं. गाडी मागं यायलाच पाहिजे. तुम्ही खोटं सांगता.”

केवढा हशा पिकला! मामांनी माझी पाठ थोपटली. आप्पाही हसले. “असंल बाळ. तुझं पुस्तक खरं,” एवढेच म्हणाले आणि शेवेची बशी त्यांनी बाजूला ठेवली.

त्यानंतर सात वर्षे आप्पा होते. आंबा घाटाची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही. मी पुष्कळदा मागितली. “विसरलो बघ,” असे म्हणत. माणूस काय विसरतो आणि काय गिळतो, यातला फरक कळायला मला मात्र चाळिशी गाठावी लागली.

तर, बहिणीच्या घरी नकाशा चाळताना साउथ बेंड हे नाव दिसले, आणि शिकागोहून ते जेमतेम नव्वद मैलांवर आहे असे कळले, तेव्हा माझ्याने राहवेना.

शिकागोहून ‘साउथ शोअर लाइन’ची विजेवर चालणारी आगगाडी सुटते. ती मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला वळसा घालून जाते. आधी गॅरी गावचे पोलादाचे कारखाने, मग वाळूच्या टेकड्या, मग सपाट शेते, आणि शेवटी ती साउथ बेंडच्या विमानतळाच्या दारातच जाऊन उभी राहते. सेंट जोसेफ नदी या ठिकाणी दक्षिणेकडचे शेवटचे वळण घेते आणि उत्तरेला सरोवराकडे निघून जाते. त्या वळणावरून गावाला साउथ बेंड हे नाव पडले. गावाबाहेर नोत्र दाम हे नामांकित विद्यापीठ आहे. परदेशी पाहुणा आला, की तो विद्यापीठच पाहायला आला असे लोक धरून चालतात. मी टॅक्सीवाल्याला ‘स्टुडबेकर म्युझियम’ म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे दोनदा पाहिले.

या कारखान्याचा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. १८५२ सालच्या फेब्रुवारीत हेन्री आणि क्लेमंट स्टुडबेकर या दोघा भावांनी इथे लोहारकामाचे दुकान घातले. भांडवल ६८ डॉलर. बाप लोहार आणि गाड्या बांधणारा. मूळ घराणे अठराव्या शतकात जर्मनीतून आलेले. पहिल्या वर्षात त्यांच्या हातून दोनच मालगाड्या बांधून झाल्या. आपल्याकडच्या एखाद्या सुताराने वर्षात दोन बैलगाड्या कराव्यात, एवढाच तो धंदा.

त्यांचा धाकटा भाऊ जॉन मोहलर. कॅलिफोर्नियात सोने सापडत होते. १८५३ साली, एकोणीस वर्षांचा असताना, हा पोरगा तिकडे जाणाऱ्या तांड्याबरोबर निघाला. प्लेसरव्हिलला पोचला तेव्हा खिशात उरले होते अर्धा डॉलर. आला होता सोने खणायला. पण तिथल्या एका लोहाराने त्याला खाणवाल्यांसाठी एकचाकी हातगाड्या करायचे काम दिले. पहिली गाडी करायला त्याला दोन दिवस लागले, आणि तिचे चाक वाकडेच झाले म्हणतात. पुढे मात्र हात बसला. पाच वर्षे तो हातगाड्याच करीत राहिला. लोक त्याला ‘हातगाडीवाला जॉनी’ म्हणू लागले. सोने खणणारे बहुतेक रिकाम्या हातांनी परतले. हातगाड्या करणारा १८५८ साली ८,००० डॉलर गाठीला बांधून घरी आला! आमच्या मराठी बोधकथांत हा जॉनी सहज खपून गेला असता.

थोरल्या हेन्रीचे मन या सुमारास धंद्यातून उडाले होते. हे कुटुंब युद्ध निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, आणि दुकानाला लष्कराच्या गाड्यांचे काम मिळू लागलेले. जॉनने त्याचा वाटा विकत घेतला आणि हेन्री शेतीवर गेला. पुढे यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याला स्टुडबेकरांच्या गाड्या गेल्या, पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्यांना गेल्या. १८६८ साली रीतसर कंपनी झाली. १८७२ आणि १८७४ अशा दोन आगींतून ती उठली, आणि शतक संपायच्या आत तिची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या घोडागाडी कारखान्यांत होऊ लागली. क्लेमंटने १८८९ साली बांधलेला चाळीस खोल्यांचा दगडी वाडा अजून उभा आहे. लोहाराच्या पोराने तो बांधला, हे पाहताना पटत नाही.

घोडागाड्या बांधणारे अमेरिकेत शेकड्यांनी होते. मोटार आली आणि बहुतेक सगळे बुडाले. हे तरले. १९०२ साली त्यांनी विजेवर चालणारी मोटार काढली, १९०४ साली पेट्रोलची. घोडागाड्या मात्र थेट १९२० पर्यंत चालूच ठेवल्या. नव्याला हात घालायचा, पण जुन्याचा हात एकदम सोडायचा नाही, ही व्यापाऱ्याची जात सगळीकडे सारखीच!

पुढचा प्रवास सरळ नव्हता. मंदीत, १९३३ साली, कंपनीचे दिवाळे निघाले. तिच्या अध्यक्षाने, आल्बर्ट अर्स्किनने, त्याच वर्षी आत्महत्या केली. तरीही कारखाना सावरला. १९३९ साली चॅम्पियन हे हलके, थोडे पेट्रोल पिणारे मॉडेल निघाले आणि ते लोकांना आवडले. महायुद्धात स्टुडबेकरचे ट्रक रशियापर्यंत गेले. युद्ध संपल्यावर पूर्णपणे नव्या बांधणीच्या मोटारी प्रथम काढणाऱ्यांत हे होते. आणि १९५० साली, रेमंड लोवी या प्रसिद्ध आरेखनकाराच्या हाताखालच्या मंडळींनी ते गोळीसारखे नाक बसवले. ते वर्ष कंपनीच्या अत्यंत भरभराटीचे ठरले. आमच्या वकीलसाहेबांची गाडी त्या भरभराटीतली.

म्युझियममध्ये लिंकनची बग्गी आहे. १८६५ सालच्या एप्रिलमधल्या त्या काळरात्री तो ज्या बग्गीतून नाटकाला गेला, ती. लोक तिच्यासमोर टोप्या काढून उभे राहतात. मीही राहिले. पण माझे लक्ष चाकांकडे, नाकांकडे, उलट्या दारांकडे होते. तासाभराने बाहेर आले, आणि समोरच्या मोकळ्या जागेत उन्हात काय उभे असावे?

तीच! हिरवट रंगाची, चार दारांची, विमानाच्या नाकाची!

शेजारी एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ फडक्याने काच पुसत होते. मी एवढी टक लावून पाहते आहे, हे पाहून त्यांनीच विचारले, “आवडली?”

“माझे आजोबा भारतात ही चालवीत होते,” मी म्हटले.

एवढे पुरे झाले. लग्नाच्या पंक्तीत दूरचा नातलग भेटावा तसे त्यांनी बॉनेट उघडून मला सगळे दाखवले. सहा सिलिंडर एका ओळीत; तीन इंच व्यास, चार इंच धाव; मिळून १६९.६ घनइंच, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेतीन लिटरच्या थोडे वर. ताकद ८५ अश्वशक्ती. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ११३ इंच. तीन गिअर, ते स्टिअरिंगच्या दांड्याला. बॅटरी सहा व्होल्टची. मी वर्गात वृत्तांचे गण मोजावेत तसे ते एकेक आकडा बोटावर मोजीत होते, आणि आप्पांच्या तोंडून ऐकलेला एकेक तपशील माझ्यापुढे खरा होऊन उभा राहत होता.

मग मी धीर केला. विचारायचा प्रश्न एकच होता. “ही गाडी चढावर, ब्रेकवरचा पाय काढल्यावर, नुसता क्लच दाबून उभी राहते का हो?”

म्हाताऱ्याने बॉनेट लावले. “बसा,” म्हणाले.

साउथ बेंड तसे सपाट गाव. पण नदीकडे एका रस्त्याला बऱ्यापैकी चढ आहे. तिथे त्यांनी गाडी अर्ध्यावर थांबवली. ब्रेक दाबला, क्लच दाबला. मग उजवा पाय ब्रेकवरून उचलला आणि मला दिसेल असा हवेत धरला. दोन्ही हात स्टिअरिंगवर. हँडब्रेक सुटा.

गाडी जागची हलली नाही.

मागून एक मोटार आली, थांबली, बाजूने निघून गेली. आम्ही तसेच. खंडोबाच्या घोड्यागत!

“हिल होल्डर,” ते म्हणाले. “१९३६ सालापासून स्टुडबेकरवर मिळू लागला.”

त्याची करामत अशी. ब्रेकचे तेल ज्या नळीतून चाकांकडे जाते, तिच्या वाटेवर एका लहानशा पेटीत पोलादाची गोळी असते. गाडी चढाला लागून तिचे तोंड वर झाले, की गोळी आपोआप मागे घरंगळते आणि तेलाच्या परतीच्या वाटेवर जाऊन बसते. क्लच दाबलेला असेतो तिला कुणी हलवीत नाही. मग ब्रेकवरचा पाय काढला तरी तेल परतू शकत नाही आणि चाके धरलेलीच राहतात. क्लच सोडू लागताच त्याला जोडलेली एक दांडी गोळीला बाजूला ढकलते, तेल परतते आणि गाडी पुढे निघते. सपाटीवर गोळी घरंगळतच नाही, म्हणून तिथे ही किमया होत नाही.

म्हणजे वाचकहो, गोळीला मागे नेणारे कोण? गुरुत्वाकर्षणच! ज्याच्या जोरावर मी चकली हातात धरून आप्पांना खोटे पाडले, त्यानेच आंबा घाटात त्यांची गाडी धरून ठेवली होती. माझे पुस्तक खरे होते. अपुरे होते, एवढेच. आणि आप्पांना त्या पेटीतली गोळी ठाऊक नव्हती. त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले, पायांनी अनुभवले, ते सांगितले. त्याला घरातल्या शिकलेल्या माणसांनी थाप म्हटले.

मला रडू आले. त्या गृहस्थांनी गाडी बाजूला घेतली आणि काही न विचारता खिडकीबाहेर पाहत बसले. मी डोळे पुसून त्यांना सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या वडिलांविषयी सांगितले.

वडील याच कारखान्यात बांधणीच्या ओळीवर होते. वीस वर्षे. १९६३ सालच्या ९ डिसेंबरला, नाताळ तोंडावर आला असताना, कारखाना बंद होणार असे जाहीर झाले आणि २० तारखेला इथली शेवटची गाडी बाहेर पडली. सुमारे ७,००० माणसांचे काम गेले. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या कारखान्यात गाड्या आणखी थोडे दिवस होत राहिल्या. १९६६ सालच्या मार्चमध्ये तेही संपले. पेन्शनच्या फंडात पुरेसा पैसाच नव्हता. जे आधीच निवृत्त झाले होते आणि ज्यांची साठी उलटली होती, त्यांना पूर्ण मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे चार हजार माणसांना त्यांच्या हक्काच्या रकमेपैकी १५ टक्क्यांच्या आसपास हाती आले. चाळिशीच्या आतल्यांना काहीच नाही. अमेरिकेत कामगारांच्या पेन्शनचे रक्षण करणारा कायदा १९७४ साली झाला. त्याची चर्चा निघाली, की साउथ बेंडचे नाव निघतेच.

“वडील तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते,” ते म्हणाले. “घरी आले की सांगायचे, पैसे येतील, कंपनीनं शब्द दिलाय. आम्ही मुलं वयात आलेली. आम्ही त्यांना म्हणायचो, तुम्ही भोळे आहात. पुढं ते बोलायचेच बंद झाले.” स्टिअरिंगवरून त्यांनी एकदा हात फिरवला. “शब्द दिलेला होता हे खरंच होतं. तो पाळला गेला नाही, हा त्यांचा दोष नव्हता. ही गाडी मी ते गेल्यावर घेतली.”

दोन म्हातारे, सातासमुद्रांच्या दोन काठांवरचे. एकाने ती गाडी बांधली, एकाने चालवली. दोघांनीही घरात खरे सांगितले, आणि दोघांनाही शेवटी गप्प बसावे लागले.

त्यांनी मला स्टेशनावर, म्हणजे विमानतळावर, आणून सोडले. निघताना मी आपल्या पद्धतीने वाकून नमस्कार केला. ते जरा गोंधळले. मग त्यांनी हॉर्न वाजवला. आप्पा तोंडाने काढून दाखवीत त्याच्याशी तो अगदी जुळत होता, असे मला वाटले. पण हे मी शपथेवर सांगणार नाही. घरात माझाही ‘घाट’ व्हायचा!

गाडी सुटायला अवकाश होता. कोल्हापुरात पहाट झालेली असणार. मी बाबांना फोन लावला. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. एवढ्या पहाटे फोन वाजल्याने घाबरून उठले.

“बाबा, सगळं ठीक आहे. मी ती गाडी पाहिली. ती थांबते, बाबा. चढावर थांबते. ब्रेकवर पाय नसताना.”

पलीकडे बराच वेळ आवाज नाही. फोन तुटला असे वाटून मी ‘हॅलो, हॅलो’ करू लागले. तेव्हा बाबांनी हळूच विचारले, “किती वेळ थांबली?”

“क्लच सोडेपर्यंत.”

“हां,” बाबा म्हणाले. “आप्पा तसंच सांगायचे.”